बापाची वहाण, आईची चप्पल

बापाची वहाण मुलाच्या पायात येऊ लागली की त्याला मित्रासारखे वागवावे, असे आपल्याकडे सांगत आले आहेत. वाढत्या पायाचे हे घरगुती मोजमाप. त्याला ना पट्टी लागते ना आकडा. उंबऱ्याशी काढून ठेवलेला जोड आणि त्यात गुपचूप पाय घालून पाहणारा पोरगा, एवढ्यावर भागते. मुलीसाठी मात्र अशी म्हण नाही. आईची चप्पल मुलीला येऊ लागली तर काय समजावे, हे कोणी सांगून ठेवलेले नाही. खरे तर ती वेळ मुलीवर मुलाच्या दोनेक वर्षे आधी येते. पायाच्या मापाच्या इतिहासात नेमकी हीच जागा कोरी राहिली, असे माझे म्हणणे आहे. वाढत्या वयातल्या मुलामुलींच्या पायांत जो फरक आहे तो मुख्यतः वेळापत्रकाचा आहे. जवाच्या दाण्यापासून आजच्या त्रिमितीय स्कॅनरपर्यंत जेवढी मापे आपल्याकडे आली, ती मात्र आकारच मोजत राहिली.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाड गेले की टिटवाळ्याच्या आधी आंबिवली लागते. भोवती भातखाचरे, जवळून वाहणारी उल्हास नदी, आणि लागूनच मोहोने, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनआरसीच्या, कारखान्याचे गाव. अशा गावात तीन तऱ्हांचे पाय शेजारीशेजारी नांदतात. चिखलणी-लावणीच्या पायाला पायताण चालतच नाही, चिखल ते ओढून ठेवतो. त्या पायाला मापाची गरजच नाही. बाजारहाट करणाऱ्या पायात चप्पल असते, आणि चपलेला अंदाज पुरतो. बोटभर मागे उरली किंवा टाच जरा बाहेर आली तरी कोणी अडत नाही. तिसरा पाय बंद बुटातला. कामगाराचा आणि त्याच्यामागोमाग शाळकरी पोराचा. त्याला माप नेमके लागते, कारण बंद बुटात चूक लपत नाही, ती चावते. शेतीचे गाव गिरणी-कारखान्याचे झाले की माणसे पहिल्या पायावरून तिसऱ्यावर येतात, आणि कल्याणच्या पट्ट्यात हे दोन पिढ्यांत घडले. मूल बुटात गेले तेव्हाच त्याचा पाय मोजायचा प्रश्न उभा राहिला. 2009 मध्ये एनआरसी बंद पडली, पगार थांबले. घरात पैसा आटला की पुढे ढकलल्या जाणाऱ्या खरेदीत पोरांचे बूट पहिल्या काहींत असतात. पाय मात्र पुढे ढकलता येत नाही.

आपल्याकडे शरीर मोजण्याची परंपरा जुनी आहे आणि तिला स्वतःचे तर्कशास्त्र आहे. चरकसंहितेत प्रौढ माणसाची उंची 84 अंगुळे आणि पावलाची लांबी 14 अंगुळे सांगितली आहे, म्हणजे उंचीचा सहावा हिस्सा. आजच्या मोजणीत पाऊल उंचीच्या शेकडा पंधराच्या आसपास भरते, तेव्हा हा हिशेब फारसा चुकलेला नाही. पण ही अंगुळे ज्याची त्याची स्वतःची. माणूस आपल्याच बोटाने मोजायचा. प्रमाणबद्धता पाहायला ही रीत उत्तम. वैद्याचे आणि मूर्तिकाराचे काम तिच्यावर चालते. चांभाराचे चालत नाही, कारण एकाच्या बोटाने घेतलेले माप दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून व्यवहारातल्या अंगुळाला धान्याचा आधार दिला गेला: आठ जव आडवे मांडले की एक अंगुळ. तिकडे इंग्लंडातही तोच जव मापाला धरला गेला, फक्त उभा मांडून: तीन दाण्यांचा एक इंच. इंग्रजी जोड्याचा एक नंबर म्हणजे त्यातला एक दाणा, इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. भारतात 1956 चा वजनमापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत शेर, मण, वार, इंच व्यवहारातून गेले. जोड्याचा नंबर मात्र तसाच राहिला. आजही दुकानात कोणी ‘पाच नंबर दाखवा’ म्हणाले की तो जवाचे दाणेच मोजत असतो.

ह्या इंग्रजी नंबरांत मुलांसाठी एक विचित्र पायरी आहे आणि तिच्याकडे नीट पाहायला हवे. लहान मुलांचा शून्य नंबर चार इंचांवर सुरू होतो आणि दाण्यादाण्याने वाढत 13 वर संपतो. तिथे कळबुताची, म्हणजे ज्या लाकडी पायावर जोडा चढवतात त्याची, लांबी आठ इंच आणि वर एक दाणा भरते, म्हणजे सुमारे 21.2 सेंटिमीटर. त्याच्या पुढचा दाणा 14 नंबर होत नाही. तिथून मोठ्यांचा 1 नंबर सुरू होतो, 22 सेंटिमीटरचा. म्हणजे मूल 13 वरून एका रात्रीत 1 वर येते. पाय वाढला आणि आकडा घसरला. आकड्यांच्या ह्या गोंधळामागे एक गृहीतक आहे: मुलाचा पाय म्हणजे मोठ्या माणसाचाच पाय, फक्त कमी दाण्यांचा. कळबूतही त्याच समजुतीने उतरते करत जातात. मुलीचा पाय म्हणजे मुलाचाच, थोडा निमुळता आणि वर एक फूल लावलेला, हे ओघाने आले.

आपला चांभार ह्यापेक्षा शहाणा होता, पण त्याचे शहाणपण बंद बुटाच्या कामी येणारे नव्हते. कोल्हापुरी वहाणेला कळबूत लागत नाही. सपाट तळ कापायचा, टाच शिवायची, दोन बाजूंना कान, वर पट्टा आणि अंगठा, हौस असेल तर वेणी. गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवायचा, पेन्सिल उभी धरून कडेने फिरवायची, आणि चवड्याला घेर किती लागेल हे दोरीने किंवा कागदाच्या पट्टीने पाहायचे. पेन्सिल आत कलली की वहाण आखूड, बाहेर कलली की ढगळ. म्हणून जाणता कारागीर ती अगदी सरळ धरतो आणि माणसाला उभे करून माप घेतो, कारण अंगाचे वजन पडले की पाय काही मिलिमीटर लांबतो आणि चवडा पसरतो. दोन्ही पायांचे ठसे घेतो, कारण डावा-उजवा क्वचितच सारखा असतो. एका ठशात लांबी, रुंदी, बोटांची उतरंड, सगळे आले. इंग्रजी नंबर एक लांबी सांगून गप्प बसतो. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉकने 1920 च्या दशकात सरकत्या पट्ट्यांचे धातूचे मापयंत्र काढले, ते टाच ते बोट, टाच ते चवडा आणि रुंदी अशी तीन मापे घेते. आपल्या चांभाराचा कागद ह्यातले बरेचसे आधीच सांगत होता. त्याच सुमारास युरोप-अमेरिकेतल्या जोड्यांच्या दुकानांत पोरांचे पाय क्ष-किरणांच्या पेटीत घालून बूट बसतो का ते दाखवीत. त्यातल्या किरणोत्साराचा धोका ध्यानात आल्यावर ती पेटी हळूहळू हद्दपार झाली. नेमकेपणाचा हव्यास कुठवर जातो त्याचा हा नमुना.

पण चांभाराच्या कागदावर कोणाचा पाय उमटत होता? माप घेऊन वहाण करवून घेणारा बहुतेक मोठा आणि पुरुष असे. पायताण ही पत दाखवणारी वस्तू होती. खालच्या मानलेल्या जातींना वरच्यांच्या दारावरून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत, आणि बाईने वडीलधाऱ्यांपुढे चप्पल घालणे उद्धटपणाचे समजले जाई. मुलगी अनवाणी वाढे, त्यामुळे तिच्या पायाची वाढ कोणाच्या नजरेत येण्याचे कारणच पडले नाही. म्हणीत आईची चप्पल का नाही, ह्याचे माझ्या मते सरळ उत्तर हे आहे: बऱ्याच घरांत आईला चप्पलच नव्हती.

मुलीचे मोठे होणे आपल्या समाजाने मोजलेच नाही असे मात्र नाही. मोजले, पण लग्नासाठी. सुश्रुताने पुरुष पंचविसाव्या आणि स्त्री सोळाव्या वर्षी सारख्याच पक्व होतात असे लिहून ठेवले आहे. स्त्री-पुरुषांच्या वाढीचे घड्याळ वेगळे चालते हे त्याला पक्के ठाऊक होते. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला, त्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेले, आणि त्या वादात पुण्यामुंबईतल्या पंडितांनी सुश्रुताचे हे सोळा वर्षांचे प्रमाण पुढे केले होते. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. 1865 चा जन्म, नवव्या वर्षी लग्न. नऊ वर्षांच्या मुलीच्या पायाचीसुद्धा वाढ पुरी झालेली नसते, बाकीच्या देहाची तर नाहीच. तेव्हाच्या सुधारकांनी आणि सनातन्यांनी मुलीच्या वयावर रकानेच्या रकाने लिहिले; ती वाढते कशी, कोणत्या वर्षी किती, हे मोजायला कोणी बसले नाही. पुढे मानववंशशास्त्राची मोजणी भारतात आली तेव्हा रिस्लेसारख्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नाक मोजले, डोकी मोजली आणि त्यातून वंश शोधले. पायाकडे बघायला त्यांना फुरसत नव्हती. ज्याचा उपयोग झाला असता ते राहिले आणि ज्याने नुकसान झाले ते मोजून झाले, असे मला वाटते.

पाय वाढतो कसा, हे नीट कळले ते 1956 साली बॉस्टनमध्ये. ब्ले, ग्रीन आणि अँडरसन यांनी त्याच त्या मुलामुलींचे पाय वर्षानुवर्षे मोजले. त्यांना दिसले की मुलीचे पाऊल एक वर्षाची असतानाच मोठेपणीच्या लांबीच्या निम्मे होते आणि मुलाचे दीड वर्षाचा असताना. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरेल असे तिच्या कर्त्याला वाटले नसेल. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. पाय उंचीच्या आधी थांबतो: मुलींचा साधारण बाराच्या सुमारास, मुलांचा चौदाच्या. म्हणजे अकरा वर्षांची मुलगी तिच्या वर्गातल्या मुलाएवढा पाय घेऊन वावरते आणि पुढे जवळजवळ तिथेच थांबते. मुलगा त्यानंतर दोन वर्षे वाढत राहून तिच्या पुढे जातो. मोठेपणी दिसणारा पुरुषाच्या आणि बाईच्या पायातला लांबीचा फरक बराचसा ह्या दोन वर्षांत तयार होतो. बापाची वहाण पायात येणे ह्याचा अर्थही इथे लागतो. ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी येते, अंगापिंडाने आणि अकलेने पोरगा मोठा व्हायला त्यापुढे बराच काळ लागतो. मैत्रीची घाई करणारी ती म्हण पायाच्या बाबतीत बरोबर आणि बाकी सगळ्या बाबतींत जरा लवकरची आहे.

आता भारताची स्वतःची मोजणीही हाती आली आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 ह्या काळात देशात 79 ठिकाणी 1,01,880 लोकांच्या पायांचे त्रिमितीय स्कॅन घेतले आणि त्यावरून ‘भा’ नावाची मापपद्धती सुचवली. मोजणीच्या आधी तज्ज्ञांचा अंदाज होता की देशाच्या निरनिराळ्या भागांसाठी निदान पाच मापपद्धती लागतील. तसे झाले नाही. ईशान्येकडचे पाय थोडे लहान निघाले, पण सगळ्यांना एक पद्धत चालेल असे ठरले. भारतीय पाय युरोपी पायापेक्षा रुंद निघाला, हे बूट चावतो म्हणणाऱ्या कोणालाही सांगायची गरज नव्हती. आणि मुलींच्या पायाच्या वाढीचा कळस सरासरी अकराव्या वर्षी, मुलांच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, हेही त्यात दिसले. प्रांताने फार फरक पडला नाही, वयाने आणि लिंगाने पडला. नाक मोजून प्रांतोप्रांती वंश पाहणाऱ्यांना हे पायाने दिलेले उत्तर आहे.

‘भा’ मध्ये आठ गट आहेत. 7 ते 11 वर्षांची मुलेमुली एका गटात, मग 12-13 च्या मुली वेगळ्या, 12 ते 14 चे मुलगे वेगळे, 14 पासून बाया आणि 15 पासून पुरुष. मुलीला मुलापेक्षा एक वर्ष आधी मोठी धरणारी ही आपल्याकडची पहिली मापपद्धती, आणि त्यासाठी तिचे कौतुक करायला हवे. तरी मला तिच्यात एक खोच दिसते. मुलीच्या वाढीचा कळस अकराव्या वर्षी येत असेल, तर तिचा स्वतंत्र गट बाराव्या वर्षी सुरू होतो, म्हणजे गडबड उरकल्यावर. ज्या दोन-तीन वर्षांत तिला सर्वांत भरभर बूट बदलावे लागतात, ती तिची वर्षे मुलांबरोबरच्या गटात जातात. ह्यावर कोणी म्हणेल की अकरापर्यंत दोघांची लांबी सारखीच असते, मग वेगळा गट कशाला? लांबीपुरते ते खरे. पण दोघांची लांबी एका दिवशी सारखी असली तरी एक गाडी स्टेशनात शिरत असते आणि दुसरी निघायची असते. एका वेळी घेतलेल्या स्कॅनमध्ये दोन्ही गाड्या एकाच जागी उभ्या दिसतात. गट कितीही करा, वयावरून माप ठरवायचे म्हटले की हे होणारच, कारण वयात येण्याचे वर्ष मुलीमुलीत बदलते. सरासरी हा कारखानदाराचा हिशेब आहे. एका पायाला सरासरी बसत नाही.

दुसरा आक्षेप ह्याहून जड आहे. मुलाला बूट हवाच कशाला? मंगळूरच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयातल्या राव आणि जोसेफ यांनी 1992 साली चार ते तेरा वर्षांच्या 2300 मुलांचे तळव्यांचे ठसे तपासले. बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट तळव्याची मुले 8.6 टक्के निघाली, अनवाणी वाढलेल्यांत 2.8 टक्के, आणि बंद बुटात हे प्रमाण चपलेपेक्षा जास्त होते. म्हणजे भातखाचरातला पाय शाळेतल्या पायापेक्षा घट्ट घडतो. मला हा आक्षेप मान्य आहे, आणि घरी, अंगणात, मातीत पोरांना अनवाणी खेळू द्यावे हेही. पण त्यातून माप नको असा निष्कर्ष निघत नाही. बूट शाळेने सक्तीचा केला की तो बसतो का हे पाहणे आणखी गरजेचे होते. त्या ठशांच्या अभ्यासांतही पुन्हा वेळापत्रकच डोके काढते. ऑस्ट्रियात बालवाडीच्या 835 मुलांचे पाय तपासून 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सपाट तळवा मुलग्यांत 52 टक्के आणि मुलींत 36. तीन वर्षांच्या मुलांत 54 टक्के आणि सहा वर्षांच्यांत 24. कमान जवळजवळ सगळ्यांची धरते, मुलग्यांची उशिरा. लांबीच्या वेळापत्रकात पुढे असलेली मुलगी इथेही पुढेच आहे. ह्यावर बाईचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची छोटी प्रत नव्हे, मोठेपणी आकारातही फरक असतो, असे कोणी सुनावले तर तेही बरोबर. पण तो मोठेपणीचा फरक आहे. तो आधीच गृहीत धरून सात वर्षांच्या मुलीला निमुळत्या चवड्याचा बूट देणे म्हणजे तिच्या पायाला घाई करणे.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो सर्वांत खरा. आपल्याकडे कपडा आणि जोडा ‘वाढत्या अंगाचा’ घेतात, पुढे कापूस कोंबतात, आणि मोठ्याचा धाकट्याला देतात. राज्य सरकारने 2023 मध्ये पहिली ते आठवीच्या सरकारी आणि पालिका-जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड पायमोजे द्यायचे ठरवले, तेव्हा दर मुलामागे 170 रुपये धरले. एवढ्यात एकदाच बूट येतो, म्हणून तो जूनमध्ये येतो आणि वर्षभर पुरावा लागतो. पायाची वाढ लहान वयात वर्षाला साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे एक नंबर आणि थोडे वर. एक नंबर मोठा बूट घेणे ह्या हिशेबात बसते. दोन नंबर मोठा घेतला तर जवळजवळ 17 मिलिमीटरची पोकळी राहते, पाय पुढे घसरतो आणि पोर टाच घासत चालते. त्यात काटकसर नाही, कारण तो बूट नीट बसायच्या आत फाटतो. आणि माप घेण्याची आपली रीत अशी की आई किंवा दुकानदार बुटाच्या टोकावर अंगठा दाबतो. दाबले की मूल आतली बोटे आखडून घेते, आणि जागा भरपूर आहे असे वाटते. पोर ‘नाही चावत’ म्हणते, कारण त्याला नवा बूट हवा असतो.

उपाय फुकटचा आहे. जूनमध्ये घेतलेल्या बुटातला आतला सोल दिवाळीच्या सुट्टीत बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि पोराला त्यावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे करा. सर्वांत लांब बोटापुढे, मग ते अंगठ्याशेजारचे का असेना, निम्मे बोट तरी जागा उरायला हवी. मुलगी नऊ ते बारा वर्षांची असेल तर दिवाळीची वाट पाहू नका, गणपतीतच एकदा बघा.